निरूपण आणि मौन : तांबोपाता नदीकाठच्या अरण्यसहलींविषयी

१

मार्गदर्शकासमवेत केलेली अरण्यसहल हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका कोणासही येणे स्वाभाविक आहे. तिला लिखित संहिता नसते, एक कर्ता नसतो. ती रोज नव्या श्रोत्यांपुढे उभी राहते आणि दिवस मावळताच विरून जाते. परंतु हेच कीर्तनाविषयी म्हणता येईल, आणि क्षेत्राच्या ठिकाणी उपाध्ये यात्रेकरूंस जे स्थलमाहात्म्य सांगत त्याविषयीही म्हणता येईल. या दोहोंना ठरलेला क्रम असतो, ठरलेली आख्याने असतात, कोठे थांबावयाचे व कोठे आवाज चढवावयाचा याचे संकेत असतात. आणि म्हणूनच त्यांची चिकित्सा होऊ शकते. पर्जन्यवनातील सहलीचेही तसेच आहे. तीत मार्गदर्शक जे बोलतो त्यास प्रस्तुत लेखात ‘निरूपण’ म्हटले आहे. या निरूपणाचे गुणदोष कोणते, ते कोणाच्या अधिकाराने बोलले जाते आणि त्यात काय बोलले जात नाही, एवढाच येथील विचाराचा विषय आहे.

उदाहरणादाखल पेरू देशाच्या आग्नेय भागातील तांबोपाता नदीचा परिसर घेतला आहे. अशा सहली इतरत्रही चालतात. मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका व बोर्निओ बेटावरील साबा हे प्रदेश त्यासाठी प्रसिद्ध आहेत. परंतु तांबोपाताच्या सहलींविषयी मानवशास्त्रज्ञांनी व प्राणिशास्त्रज्ञांनी विपुल लेखन केले आहे, आणि ‘हे अरण्य कोणाचे’ हा प्रश्न तेथे केवळ भावनेचा न राहता कराराचा झाला आहे. पुढील विवेचन या लेखनाच्या आणि सहलींच्या प्रकाशित वर्णनांच्या आधारे केले आहे.

तांबोपाता व माद्रे दे दिओस या नद्यांच्या संगमावर १९०२ साली वसविलेले पुएर्तो माल्दोनादो हे गाव या सहलींचे प्रवेशद्वार होय. तेथून लांबट, छपराच्या मोटारहोडीतून प्रवासी नदीच्या वरच्या अंगास जातात आणि काठावरील एखाद्या वननिवासात तीन-चार रात्री काढतात. (‘लॉज’ हा शब्द मराठीत बसस्थानकासमोरील खोल्यांना जाऊन चिकटल्यामुळे येथे ‘वननिवास’ हा शब्द पत्करला आहे.) कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे अंधारातच निघून कोल्पा, म्हणजे पोपट व मकाव जेथे माती खावयास उतरतात असा नदीकाठचा कडा, पाहावयाचा. मग नदीने टाकून दिलेल्या एखाद्या वळणाच्या तळ्यात महाकाय पाणमांजरांची वाट पाहावयाची. वृक्षछत्राच्याही वर डोके काढणाऱ्या मनोऱ्यावर चढावयाचे. आणि रात्री विजेरी घेऊन पायवाटेवरील कोळी, बेडूक व टोळ शोधावयाचे.

मराठीत ‘गाईड’ हा शब्द येण्यापूर्वी ‘वाटाड्या’ हा शब्द होता. वाटाड्याचे काम वाट दाखविण्याचे. त्याने बोललेच पाहिजे असे नाही, किंबहुना अबोल वाटाड्या हा अधिक भरवशाचा समजला जाई. गाईडचे तसे नाही. त्याने वाट चुकविली तर एक वेळ क्षमा होईल, पण तो गप्प राहिला तर सहल फसली असे समजले जाते. वननिवासांच्या व्यवस्थेत ही दोन कामे बहुधा दोन माणसांकडे गेली आहेत. होडी हाकणारा, पायवाट राखणारा, झाडीतील हालचाल सर्वांआधी टिपणारा मनुष्य बहुधा त्याच नदीकाठचा असतो; बोलणाऱ्यास मात्र इंग्रजी यावे लागते. जो जाणतो तो बोलत नाही आणि जो बोलतो त्याने पुष्कळसे शिकून घेतलेले असते, अशी ही फारकत आहे. अर्थात् ती सर्वत्र सारखी नाही, आणि गेल्या दोन-तीन दशकांत ती कमी होत आली आहे. परंतु या सहलींच्या निरूपणाचे स्वरूप ज्या काळात घडले त्या काळात ती होती, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

२

पर्जन्यवनाचे निरूपण हे मुळात अभावातून जन्मास येते. ज्या अरण्यात जीवजाती अगणित, त्याच अरण्यात डोळ्यांना फारसे काही दिसत नाही, हा अनुभव नवा नव्हे. १८४८ साली हेन्री वॉल्टर बेट्स आणि आल्फ्रेड रसेल वॉलेस हे दोघे तरुण इंग्रज ॲमेझॉनच्या मुखाजवळील पारा या बंदरात उतरले. पहिल्या दिवसांत आपला अपेक्षाभंग झाला, हे वॉलेसने पुढे मोकळेपणाने नमूद केले. बेट्सने १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अरण्यातील नीरवतेचे, उदासपणाचे आणि मोठ्या प्राण्यांच्या विरळतेचे वर्णन आहे. १८७८ सालच्या आपल्या निबंधसंग्रहात तर वॉलेसने उष्ण कटिबंधातील अरण्य म्हणजे रंगीत फुलांचा बहर ही युरोपीय वाचकाची समजूतच खोडून काढली : निरनिराळ्या देशांतून आणलेली फुले काचगृहात एकत्र पाहिल्यामुळे ती समजूत झालेली आहे, प्रत्यक्ष अरण्यात हिरव्याशिवाय दुसरा रंग दिसण्याचे प्रसंग थोडेच, असा त्याचा अभिप्राय आहे.

बेट्सने ॲमेझॉनच्या खोऱ्यात अकरा वर्षे काढली. वननिवासातील प्रवाशापाशी तीन दिवस असतात. या दोहोंतील अंतर भरून काढण्याचे काम निरूपणावर पडते, आणि त्यासाठी त्याने काही युक्त्या सिद्ध केल्या आहेत. पहिली युक्ती चिन्हावरून कथा उभारण्याची : चिखलातील पाऊल, अर्धवट खाल्लेले फळ, झाडाच्या सालीवरील ओरखडा. दुसरी, अनुपस्थित प्राण्याला काळाच्या दृष्टीने जवळ आणण्याची. जाग्वार आज दिसत नाही, पण तो कालच येथून गेला. मागच्या आठवड्यातील प्रवाशांनी त्याला वाळूच्या दांड्यावर पाहिला. या आख्यानाचा नायक जवळजवळ नेहमीच रंगभूमीच्या बाहेर असतो आणि इतर पात्रे त्याच्याविषयी बोलत राहतात. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. परंतु निरूपण सर्वस्वी या एका युक्तीवर विसंबू लागले म्हणजे जे डोळ्यांसमोर आहे त्याकडे पाहण्याची श्रोत्याची शक्ती क्षीण होते, हा दोष मात्र खरा. तीन दिवस तो न दिसलेल्या जाग्वाराच्या मागे असतो आणि परतताना ‘काही दिसले नाही’ असे सांगतो.

याउलट जेथे निरूपण हाताशी असलेल्या वस्तूवर टेकते तेथे ते आपल्या उत्तम रूपात प्रकट होते. पानकापी मुंग्यांचे उदाहरण घ्यावे. पानांचे तुकडे डोक्यावर धरून चाललेली त्यांची रांग वाट पाहावी न लागता दिसते. या मुंग्या ती पाने अन्न म्हणून साठवीत नसून जमिनीखाली त्यांवर एक प्रकारची बुरशी पिकवितात व ती बुरशी खातात, हे सांगितले की श्रोता खाली बसून पाहू लागतो. येथे शब्द वस्तूच्या जागी येत नाही, वस्तूकडे नेतो. चांगल्या मार्गदर्शकाची कसोटी मी तरी येथेच लावीन, मनोऱ्यावर नव्हे.

कोल्प्यावरचे निरूपण हा याहून गुंतागुंतीचा प्रकार आहे. १९९४ साली ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाच्या मुखपृष्ठावर मकाव झळकले, आणि तांबडे, निळे, पिवळे पक्षी मातीच्या कड्यावर दाटीने चिकटले आहेत हे दृश्य जगभर पोचले. तेव्हापासून प्रवासी ते चित्र मनात घेऊनच येतो. पाऊस असला किंवा एखादा शिकारी पक्षी घिरट्या घालीत असला तर मकाव उतरत नाहीत. मग चित्र आणि कडा यांच्यामध्ये निरूपण तेवढे उरते. ‘हे पक्षी माती का खातात?’ हा प्रश्न अशा वेळी हटकून निघतो. त्याची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, कच्च्या फळांत व बियांत जी विषारी द्रव्ये असतात ती मातीच्या कणांस चिकटून पोटातच निष्प्रभ होतात. १९९९ साली गिलार्डी व त्याच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी त्यास बळ दिले. दुसरे उत्तर सोडियमचे आहे. हा प्रदेश समुद्रापासून दूर, पावसाने धुऊन निघालेला. येथील वनस्पतिजन्य अन्नात सोडियम अत्यल्प. ब्राइटस्मिथ व त्याच्या सहकाऱ्यांनी तांबोपाता येथेच मातीच्या थरांची तुलना केली, तेव्हा पक्षी निवडतात त्या थरांत सोडियम अधिक असल्याचे आढळून आले.

प्राचीन काव्याच्या अभ्यासकाला येथे पाठभेदाची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. विषाची कथा सांगावयास सोपी आणि ऐकावयास रम्य : पक्षी स्वतःचे औषध स्वतः शोधतो! सोडियमच्या कथेला तेवढा रस नाही. परंतु ज्या नदीकाठी पक्ष्यांना माती खाताना पाहावयाचे त्याच नदीकाठी केलेल्या निरीक्षणांचा कौल दुसऱ्या पाठाच्या बाजूने आहे. संपादकाने केवळ रम्य म्हणून एखादा पाठ स्वीकारला तर आपण त्याला दोष देतो. निरूपणकारालाही तोच नियम लावावा. दोन्ही पाठ सांगून, कोणता का अधिक संभवनीय हे पक्ष्यांची वाट पाहता पाहता उलगडून दाखविणारा मार्गदर्शक श्रोत्याला अधिक आनंद देतो अशी माझी समजूत आहे. कारण मग न उतरलेले पक्षी हेही त्या विचाराचाच भाग होतात.

३

येथवर निरूपणाच्या तंत्राचा विचार झाला. आता त्याच्या आशयाकडे वळू. आणि त्यासाठी एकच आख्यान जरा विस्ताराने पाहू, कारण माद्रे दे दिओसच्या अरण्यात ते सांगितल्याशिवाय पायवाटेवरची फेरी पुरी होत नाही. ते आख्यान कास्तान्याचे, म्हणजे ज्याच्या बिया ‘ब्राझील नट’ या नावाने बाजारात विकल्या जातात त्या झाडाचे.

हे झाड पन्नास मीटरपर्यंत उंच वाढते. त्याचे फूल जड झाकणाने मिटलेले असते; ते झाकण उचलून आत शिरणे अंगाने मोठ्या असलेल्या काही मधमाश्यांनाच जमते. फळ पिकावयास वर्षाहून अधिक काळ लागतो. ते लाकडासारखे कठीण व नारळासारखे गोल असते, वजन प्रसंगी दोन किलोंपर्यंत. पावसाळ्यात ते उंचावरून खाली कोसळते. ते कवच फोडू शकणारा प्राणी मुख्यतः अगूती, सशाएवढा एक कुरतडणारा जीव. तो आतील बिया खातो आणि उरलेल्या जागोजाग पुरून ठेवतो; विसरलेल्या बियांतून नवी झाडे उगवतात. म्हणजे माशी नसेल तर फळ नाही आणि अगूती नसेल तर रोप नाही. अरण्य तोडले तर एकटे उभे राखलेले झाड वांझ होऊ लागते.

कथा म्हणून हे आख्यान निर्दोष आहे. पात्रे मोजकी, प्रत्येकाचे काम नेमलेले, आणि तात्पर्य आपोआप निघते : येथे सर्व काही सर्व काहीशी बांधलेले आहे. शिवाय ते बहुतांशी खरेही आहे. दोष एवढाच की त्यात मनुष्य नाही.

आणि मनुष्य तर या झाडाखाली उभा आहे. डिसेंबर ते मार्च या पावसाच्या महिन्यांत माद्रे दे दिओसमधील असंख्य कुटुंबे कास्तान्या गोळा करावयास अरण्यात शिरतात. पडणाऱ्या फळाने डोके फुटण्याचा धोका असल्यामुळे पावसात व वाऱ्यात झाडाखाली जात नाहीत. सुऱ्याने कवच फोडून बिया पोत्यांत भरतात आणि सुमारे सत्तर किलोंचे ओझे कपाळपट्टीने किंवा खांद्यावर वाहून ओढ्यापर्यंत आणतात. पुष्कळदा हंगामापूर्वी व्यापाऱ्याकडून उचल घेतलेली असते आणि ती मालात फेडावयाची असते. आपल्याकडील ऊसतोडणी कामगारांच्या उचलीशी हा प्रकार इतका जुळतो की मराठी वाचकास तो समजावून सांगण्याची गरज नाही. रबराचा बाजार कोसळल्यानंतर या प्रदेशात जे अनेक उद्योग हाताळले गेले त्यांत उभे अरण्य राखून चालणारा हा एक प्रमुख उद्योग. अगूतीला आख्यानात स्थान आहे. उचल घेतलेल्या माणसाला नाही.

येथे कोणी म्हणेल की निरूपण निसर्गाचे आहे, समाजाचे नव्हे. त्यात मनुष्य नसला तर बिघडले कोठे? परंतु हा भेदच येथे टिकत नाही. २०११ साली शेपर्ड आणि रामिरेझ यांनी वनस्पतिशास्त्र व भाषाशास्त्र यांचा पुरावा एकत्र करून असे सुचविले की, ॲमेझॉनच्या खोऱ्यातील कास्तान्याच्या दाट राया पसरविण्यात प्राचीन मानवाचा वाटा असावा. २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लेव्हिस व अनेक सहकाऱ्यांनी दाखविले की, माणसाने पूर्वी जोपासलेल्या वृक्षजाती त्या अरण्यात अपेक्षेहून पुष्कळच अधिक आढळतात, आणि पुरातन वस्त्यांच्या जवळ तर विशेषच. तेव्हा मनुष्याला गाळून सांगितलेले कास्तान्याचे आख्यान हे केवळ समाजशास्त्रदृष्ट्याच अपुरे नाही. ते वनस्पतिशास्त्रदृष्ट्याही अपुरे आहे.

हाच प्रकार इतिहासाचा. तांबोपाताचा परिसर ‘अस्पर्श’ म्हणून वर्णिला जातो. प्रत्यक्षात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रबराच्या लोभाने हा प्रदेश ढवळून निघाला. १८९० नंतरच्या दशकात कार्लोस फिट्‌झकारल्द या रबरव्यापाऱ्याने उकायालीच्या खोऱ्यातून माद्रे दे दिओसच्या खोऱ्यात उतरणारी अरुंद खुष्कीची वाट शोधली, होडी सुटी करून ती त्या डोंगरधारेवरून पलीकडे नेली आणि वाटेत आलेल्या जमातींवर सशस्त्र हल्ले केले. (१९८२ सालच्या प्रसिद्ध जर्मन चित्रपटात अख्खे जहाज डोंगरावरून ओढले जाते, वास्तवाला कलेने दिलेली ही अतिशयोक्ती होय, आणि या भागात येणारे प्रवासी पुष्कळदा तिलाच इतिहास समजतात.) या धुमाळीत सापडलेल्यांपैकी एसे एहा हे लोक होत. रोगराई, गुलामीसाठी पडणाऱ्या धाडी, आणि पुढे डोमिनिकन मिशनच्या शाळा यांतून गेलेला हा समाज आज पेरूमध्ये इन्फिएर्नो, पाल्मा रेआल व सोनेने या वस्त्यांत, तसेच सीमेपलीकडे बोलिव्हियात राहतो. त्यांची भाषा ताकाना कुळातील आहे.

इन्फिएर्नो या स्पॅनिश शब्दाचा अर्थ नरक. माद्रे दे दिओस म्हणजे देवमाता. देवमातेच्या प्रांतातील नरक नावाच्या गावाच्या अरण्यात जाऊन प्रवासी स्वर्ग पाहून येतो, आणि त्याच्या हाती दिलेल्या पत्रकांत या तीन शब्दांपैकी शेवटचा तेवढा छापलेला असतो! कँडेस स्लेटर या विदुषीने २००२ सालच्या आपल्या ग्रंथात ॲमेझॉनविषयीच्या लेखनावरील नंदनवनाच्या कल्पनेची पकड दाखवून दिली आहे. सहलींचे निरूपण हे त्या लेखनाचेच मौखिक अपत्य होय.

४

येथवरचे विवेचन वाचून असे वाटेल की मौन म्हणजे दोष, आणि जे गाळले ते भरले की निरूपण सुधारले. या टिपणाचा पहिला खर्डा मी तसाच केला होता. इन्फिएर्नोच्या कराराचा इतिहास वाचल्यावर तो मत बदलून पुन्हा लिहावा लागला.

इन्फिएर्नोला १९७६ साली ‘देशी समाज’ म्हणून जमिनीचा हक्क मिळाला. हा समाज एकजिनसी नाही. त्यात एसे एहा कुटुंबे आहेत, नदीकाठची मिश्र वंशाची कुटुंबे आहेत आणि अँडीज पर्वतातून उतरून आलेले शेतकरीही आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या रेनफॉरेस्ट एक्स्पिडिशन्स या कंपनीशी या समाजाने १९९६ साली वीस वर्षांचा करार केला. समाजाच्या राखीव वनात वननिवास बांधावयाचा. नफ्यातील ६० टक्के समाजाला, ४० टक्के कंपनीला. निर्णय दोघांनी मिळून घ्यावयाचे, त्यासाठी समाजाने निवडलेली नियंत्रण-समिती. आणि मुदत संपल्यावर संपूर्ण मालकी समाजाकडे येण्याची वाट मोकळी. ‘पोसादा आमाझोनास’ हा वननिवास १९९८ साली सुरू झाला. शेजारच्या एक्वादोरमध्येही याच सुमारास, १९९६ साली, आचुआर लोकांच्या प्रदेशात कापावी येथे एका कंपनीने वननिवास उभारला आणि २००८ साली तो त्या लोकांच्या स्वाधीन झाला. परंतु इन्फिएर्नोमध्ये समाज आरंभापासूनच भागीदार होता, ही गोष्ट निराळी.

अमांडा स्ट्रॉन्झा या मानवशास्त्रज्ञ बाईंनी या कराराच्या पहिल्या वर्षांपासून तेथे राहून अभ्यास केला. त्यांच्या लेखनातील एक मुद्दा आपल्या विषयाशी थेट निगडित आहे. बाहेरून येणारा मनुष्य ‘खरे आदिवासी’ शोधीत येतो. त्याच्या डोळ्यांत इन्फिएर्नोचे रहिवासी पुरेसे आदिवासी नसतात. ते सदरा-विजार घालतात, स्पॅनिश बोलतात, चेंडू खेळतात. या अपेक्षेच्या आरशात पाहताना समाजातील लोकांना आपण कोण हा प्रश्न नव्याने पडला. कोण एसे एहा आणि कोण नाही, संस्कृती म्हणजे काय, ती दाखवावयाची की नाही, यावर वाद झाले.

वननिवास वस्तीत नसून राखीव वनात आहे. त्याच्या सहलींचा भर पक्षी, पाणमांजरे व वृक्ष यांवर आहे. खोल्या वेत, लाकूड व ताडपत्रांच्या. त्यांना अरण्याच्या बाजूची भिंत नाही. नाटकातील घराप्रमाणे तीनच भिंती, पण प्रेक्षक आत आणि दृश्य बाहेर. १९७३ साली मॅकॅनेल याने पर्यटनाविषयी लिहिताना दर्शनी भाग आणि पाठचा भाग असा भेद केला होता : प्रवासी नेहमी पाठचा भाग पाहू इच्छितो, आणि यजमान त्याच्यासाठी पाठच्या भागासारखा दिसणारा आणखी एक दर्शनी भाग उभारतात. इन्फिएर्नोच्या व्यवस्थेने हा पेच निराळ्या रीतीने सोडविला असे मला वाटते. दर्शनी भाग म्हणून माणसांऐवजी अरण्य पुढे केले, आणि स्वतःचे घर, भांडणे, नातीगोती, पूजा-प्रार्थना ही पाठीशी राखली. म्हणजे निरूपणात मनुष्य नाही याचे एक कारण असेही आहे की, ज्यांच्याविषयी बोलावयाचे त्यांनाच ते नको असेल.

तेव्हा मौनाचे दोन प्रकार मानणे भाग आहे : गप्प बसविणे आणि गप्प राहणे. बाहेरून दोन्ही सारखीच ऐकू येतात, हीच समीक्षकाची अडचण आहे. ती सोडविण्यास संहितेच्या बाहेर जावे लागते. संहितेच्या बाहेरचा पुरावा ग्राह्य धरू नये असे मानणाऱ्या समीक्षापद्धतीला येथे मर्यादा पडते. करार वाचल्याशिवाय निरूपणाचा अर्थ लागत नाही. आपली घरे दाखवू नयेत हा निर्णय समाजाचा असेल तर ते मौन त्यांच्या मालकीचे आहे, आणि त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार अभ्यासकाला नाही. परंतु उचल घेऊन कास्तान्या वाहणाऱ्या माणसाचे मौन, रबराच्या काळाचे मौन, ही त्या निर्णयातून आलेली नाहीत. ती या वाङ्मयप्रकाराबरोबर, नंदनवनाच्या कल्पनेबरोबर, बाहेरून आली आहेत. करार बदलला, निरूपणाचा साचा मात्र त्या वेगाने बदलला नाही.

सोन्याचे मौन हे या दोहोंच्या मध्ये कोठेतरी आहे. आंतरसागरी महामार्ग २०११ च्या सुमारास पुरा झाला. तत्पूर्वीच सोन्याचे भाव चढू लागले होते. महामार्गालगत, तांबोपाता राखीव क्षेत्राच्या संरक्षक पट्ट्यात, ला पाम्पा या भागात बेकायदा खाणकाम वाढले. झाडे तोडून, वाळू उपसून, पाऱ्याने सोने वेगळे करावयाचे. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने तेथे सैन्य व पोलिस पाठविले. विमानाने पुएर्तो माल्दोनादोकडे येणाऱ्या प्रवाशाला खिडकीतून पिवळट पाण्याच्या खड्ड्यांचे विस्तीर्ण व्रण दिसू शकतात. म्हणजे मार्गदर्शकाने तोंड उघडण्यापूर्वीच त्याच्या आख्यानाला छेद देणारे दृश्य श्रोत्याने पाहिलेले असते. अशा वेळी त्याविषयी न बोलणे हे केवळ अपुरे नाही, कलादृष्ट्याही कच्चे आहे. अर्थात् मार्गदर्शकाचा चुलता किंवा मेहुणा खाणीवर असू शकतो, आणि सहलीचे उत्पन्न ज्यांना पुरत नाही ती कुटुंबे काय करतात हे प्रवाशाला सांगणे त्याला अवघड जात असेल, हेही समजून घेतले पाहिजे.

५

आता समाजातील तरुण स्वतः मार्गदर्शक होऊ लागले आहेत. आरंभी सांगितलेली वाटाड्या आणि निरूपणकार यांची फारकत त्यांच्यात मिटते, किंवा मिटावी. परंतु मार्गदर्शक होण्यासाठी त्यांना इंग्रजी शिकावी लागते, आणि त्या इंग्रजीबरोबर तयार निरूपणही शिकावे लागते. ज्याचे आजोबा त्या रायांत कास्तान्या वेचीत, त्याने परक्या भाषेत अगूतीचे आख्यान तोंडपाठ करावयाचे आणि ‘येथे मनुष्याचे पाऊल पडलेले नाही’ असे म्हणावयाचे, ही त्यातली खरी गोम आहे. पैशाचा वाटा मिळूनही बोलण्याचा वाटा मिळाला नाही, असे यातून होऊ शकते. औषधी वनस्पतींची पायवाट हा अपवाद म्हणून दाखविला जातो. तेथे समाजातील मनुष्य स्वतःच्या ज्ञानाने बोलतो. परंतु त्या पायवाटेवरही त्याला ‘परंपरा’ या एकाच खणात बसविले जाते. तो झाडाच्या सालीचा गुण सांगू शकतो. नियंत्रण-समितीत कशावरून भांडण झाले ते सांगू शकत नाही, जरी अरण्य राखण्याशी दुसऱ्या गोष्टीचा संबंध पहिलीहून अधिक असला.

नावांचे उदाहरण येथे बोलके आहे. या परिसरातील राष्ट्रीय उद्यान १९९६ साली स्थापन झाले. त्याचे नाव बाहुआहा-सोनेने. ही दोन्ही नद्यांची एसे एहा नावे होत : बाहुआहा म्हणजे तांबोपाता, सोनेने म्हणजे हीथ. २००० साली शेजारचे राखीव क्षेत्र झाले त्यास मात्र तांबोपाता हेच नाव दिले गेले. उद्यानाने नदीचे जुने नाव फलकावर आणले, आणि त्याच वेळी ज्यांनी ते नाव दिले त्यांना उद्यानाच्या हद्दीत पूर्वीप्रमाणे मोकळेपणी शिकार व वस्ती करता येईनाशी झाली. होडीतून जाताना मार्गदर्शक नदीचे कोणते नाव उच्चारतो, आणि दुसरे नाव सांगतो तेव्हा एवढ्यावरच थांबतो की नाही, हे ऐकण्यासारखे आहे.

आपल्या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी मौखिक वाङ्मयाचा अभ्यास करताना ज्या पद्धती आत्मसात केल्या आहेत त्यांना येथे वाव आहे. पेरूत जाण्याचे साधन सर्वांस नाही, पण निरूपणांची ध्वनिमुद्रणे मिळविणे आज अशक्य राहिलेले नाही, आणि स्पॅनिश शिकणारे विद्यार्थीही विद्यापीठात आहेत. एकाच पायवाटेवरील एकाच कास्तान्याच्या झाडाखाली तीन जणांनी केलेले निरूपण घ्यावे : राजधानीतून आलेल्या जीवशास्त्राच्या पदवीधराचे, इन्फिएर्नोमधील मार्गदर्शकाचे, आणि होडी हाकणाऱ्याचे. शेवटच्याला बोलते करावयाचे तर ते स्पॅनिशमध्ये करावे लागेल, आणि प्रवासी जेवावयास गेल्यावर. मग तिन्ही संहिता शेजारी मांडून त्यांत मनुष्य प्रथम कितव्या वाक्यात येतो, आणि कोणते क्रियापद घेऊन येतो, एवढेच मोजावे. पुढील पाठ मागाहून लावता येतील.